मास्तरांचे चिखलाचे लाडू

आमच्या मंगळवार पेठेतले हणमंत मास्तर चिखलाचे लाडू वळायचे, आणि प्रत्येक लाडवात चिमूटभर युरिया भरायचे. एकदा दारात वाळत घातलेला लाडू माझ्या मेव्हण्यानं तोंडात टाकला, तर मास्तरांना मेव्हण्यापेक्षा वाया गेलेल्या नत्राचीच हळहळ.

"भातात पाणी तुंबलं की खालच्या चिखलात हवा न्हाय," मास्तर सांगायचे. "तिथं युरियाचं अमोनियम हुतंय आणि मातीला चिकटून बसतंय. मुळं निवांत खात्यात. वरनं फेकला, तर नायट्रेट हुन खाली उतरतोय आणि वायू हुन उडून जातोय. म्हणून गोळा करायचा, खोल पुरायचा. एकदाच. हंगामभर बघाय नको."

हे व्याख्यान मी न्हाव्याच्या दुकानात ऐकलंय, तालमीच्या कट्ट्यावर ऐकलंय, एकदा तर मयताला चालताना. तिथं 'उडून जातोय' ऐकून पुढच्या माणसानं वळून बघितलं.

गंमत म्हणजे मास्तरांना गुंठाभरही शेत नव्हतं. शेत होतं त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, शालनच्या सासरी, मलकापूरजवळ. "लेकीच्या घरी कामाबिगर जाऊ न्हाय," हा त्यांचा बाणा. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, घरात दुसरं कुणी नाही. सत्तरच्या दशकातल्या त्या खडखडणाऱ्या एसटीत ते दर रविवारी पिशवीभर गोळे घेऊन बसायचे.

एकदा मलाही नेलं. दिवाळी होऊन महिना झाला होता. बघतो तर भात कापून नेलेलं, रानात नुसती धसकटं. मास्तरांनी धोतर खोचलं, त्या खडखडीत रानात उतरले आणि काटकीनं भोकं पाडू लागले. माझी तर मतीच गुंग झाली.

तेवढ्यात शालनची सासू बांधावर आली. तिनं मलाच विचारलं, "का वो पावणं, ह्यो युरिया हंगामात किती येळा पुरायचा असतोय?"

उत्तर मला तोंडपाठ होतं. मास्तर काटकी थांबवून माझ्याकडे बघत होते. इतका केविलवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"दर रविवारी," मी म्हणालो.

बाईंनी धसकटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मास्तरांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "मग फुडच्या आयतवारी बी या. पर ह्ये वज्जं कशाला वागवताय? हात हलवत या की."

मास्तर चाचरले. "पर मग काम काय सांगू?"

"लेकीला बघाय आलोय म्हणून सांगा."