उमाकांतरावांची टीम

दुपारच्या सुट्टीत बँकेच्या जिन्यात उभं राहून उमाकांतराव टेंभेकर मोबाइलवर मोठ्याने बोलत होते. फोनवर मोठ्याने बोललं की पलीकडे नीट पोचतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पलीकडचं माणूस बंगळुरूत असल्याने ते जरा जास्तच जोर लावत.

"त्या म्हाताऱ्यांना आधी बाहेर काढ! पाय उचलत नाहीत त्यांचे. तरणी पोरं घे. दोन-तीन मी हेरून ठेवलीत... हो, उन्हाळ्यातल्या बदल्या लक्षात घेऊनच सांगतोय... मॅनेजर? अरे, मॅनेजरच जातो की नाही बघ या वर्षी!"

एक मजला खाली ऑफिसातलेच बळवंत सुर्वे नावाचे कोल्हापूरचे गृहस्थ पान जुळवत उभे होते. ते तोंडात घालायचं राहून गेलं.

उमाकांतराव बँकेच्या जयपूर झोनल ऑफिसात पर्सोनेल विभागात होते. या विभागाच्या नावाला वजन असलं तरी उमाकांतरावांच्या टेबलाला नव्हतं. ते रजा तपासत आणि पोस्टिंगच्या ऑर्डरी वरून आल्या की खाली पाठवत. मूळचे अमरावतीचे. पाच गावं फिरून जयपूरला आले होते आणि जवाहर नगरात भाड्याच्या घरात राहत होते. दरवर्षी मे महिन्यात होणाऱ्या बदल्या त्या वर्षी, म्हणजे २००७ साली, वरच्या कुणाच्या तरी भांडणात अडकून ऑगस्टपर्यंत लांबल्या होत्या. त्यामुळे ऑफिसातला प्रत्येक माणूस पंख्याकडे बघत बसला होता.

उमाकांतराव मात्र ज्या बदल्यांबद्दल बोलत होते त्या इंग्लंडातल्या होत्या, फुटबॉलच्या; आणि मॅनेजर म्हणजे तिकडच्या एका क्लबचा मुख्य प्रशिक्षक.

त्यांचा मुलगा संकेत बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दोन वर्षं बापलेकांचं फोनवरचं संभाषण "जेवलास का?" आणि "हो" एवढ्यावर संपत असे. मग आदल्या वर्षी एका सुट्टीत संकेतने त्यांना इंटरनेटवर एक खेळ लावून दिला. खऱ्या खेळाडूंमधून आपली मनातली टीम निवडायची. त्यांनी खऱ्या मैदानात गोल मारले की गुण आपल्याला. संकेतच्या मित्रांचं एक मंडळच होतं, त्यात त्याने बाबांना घातलं. आपले वडील शेवटचे येणार आणि निदान त्यावरून तरी दोन शब्द बोलता येतील, एवढीच त्याची अपेक्षा.

बाबा पहिले आले.

उमाकांतरावांना ऑफसाइड म्हणजे काय ते आजही सांगता आलं नसतं. पण बदली म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं त्या मंडळात कुणालाच कळत नव्हतं. एका क्लबने कोट्यवधी मोजून ब्राझीलचा नामांकित गडी घेतला, तेव्हा सगळे त्याच्यावर तुटून पडले. उमाकांतरावांनी फक्त विचारलं, "मुलं किती त्याला?"

"तीन."

"मग सोड. शाळेचे प्रवेश, गॅसचं कनेक्शन, बायकोला गावातली हवा मानवत नाही. डिसेंबरपर्यंत हा माणूस कामाचा नाही."

आणि ब्राझीलचा गडी डिसेंबरपर्यंत खरोखरच कामाचा निघाला नाही. उलट एका कोवळ्या स्वीडिश पोराबरोबर त्याची आई राहायला आली आहे, एवढं वाचून उमाकांतरावांनी त्याला उचललं. "आईच्या हातचं जेवतोय. गोल मारणारच," असं ते म्हणाले. पोराने रतीब घातल्यासारखे गोल घातले. तेव्हापासून संकेत दर दोन दिवसांनी फोन करू लागला, आणि फोन ठेवल्यावर उमाकांतराव उगाचच स्वयंपाकघरात जाऊन रत्नप्रभाबाईंना म्हणत, "तुझ्या मुलाचा फोन होता. बराच वेळ बोलला."

बळवंतरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी ऐकलेलं फक्त ऑफिसातल्या माथुरांना सांगितलं. फक्त माथुरांना सांगितलेली गोष्ट चहा येईपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचत असे.

दुसऱ्या दिवशी माथुर काळ्याभोर केसांनी ऑफिसात आले. निवृत्तीला वर्ष उरलेले हे सद्गृहस्थ लिफ्ट सोडून जिना चढू लागले आणि उमाकांतरावांच्या टेबलासमोर आले की धावल्यासारखे चालू लागले. "टेंभेकरजी, देखिए, अभी भी पाँव बराबर उठते हैं!" असं म्हणून त्यांनी एकदा गुडघा छातीपर्यंत उचलून दाखवला आणि मग बराच वेळ भिंत धरून उभे राहिले.

उमाकांतरावांना काही कळेना. संध्याकाळी बळवंतराव घेवराचा, तिकडच्या सणाच्या मिठाईचा, डबा घेऊन घरी आले, तेव्हा उलगडा झाला.

"साहेब, आमचं तेवढं कोल्हापूरचं बघा की. आई एकटी हाय तिकडं."

"अहो सुर्वे, माझ्या हातात काय आहे? मी रजा तपासतो!"

"तेच म्हणतो मी," बळवंतराव कौतुकाने हसले. "रजा तपासणाऱ्यावर कुणाचा संशय येणार?"

"तो फुटबॉलचा खेळ होता हो!"

"तर हो. खेळच हाय सगळा." आणि ते वाकून नमस्कार करून गेले.

उमाकांतरावांनी प्रत्येकाला समजावून सांगितलं. जितकं सांगितलं तितका त्यांचा दबदबा वाढला. खरोखर हात वरपर्यंत पोचलेला माणूस कधी कबूल करतो का, असं लोकांचं म्हणणं पडलं. श्रावणातल्या तीजेच्या सणाचे दिवस, त्यामुळे घेवराचे डबे येतच राहिले. रत्नप्रभाबाईंनी ते आधी परत केले, मग शेजारी वाटले, मग फ्रिजमधली भाजी बाहेर काढून आत घेवर ठेवला. राजा पार्कमधल्या त्यांच्या भिशीत आजवर त्यांना दाराजवळची खुर्ची मिळे. आता कूलरसमोरची मिळाली.

"अहो, एवढं सगळे म्हणतायत तर एखाद्याचं करून टाका ना काम," त्या एके दिवशी म्हणाल्या.

"तूसुद्धा?"

"नाही, मला माहीत आहे हो. पण मतलब... कूलरसमोर फार बरं वाटतं."

खरं सांगायचं तर उमाकांतरावांनाही बरं वाटू लागलं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासाठी कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. आता कँटीनमध्ये खुर्च्या सरकत. नाही नाही म्हणून घसा कोरडा पडल्यावर एका बेसावध क्षणी त्यांच्या तोंडून "बघू" निघालं. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की पुढच्या माणसालाही ते "बघू"च म्हणाले. आठवडाभरात ते चष्म्यावरून बघत "बघू" म्हणायला शिकले.

मग झोनल मॅनेजर भार्गवसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेबांनी दार लावलं, स्वतः उठून पंखा वाढवला आणि खालच्या आवाजात विचारलं, "टेंभेकरजी, सुना है मॅनेजर जा रहा है?"

उमाकांतराव दोन्ही हात हलवत म्हणाले, "नाही साहेब! वो मॅनेजर दुसरा है! इंग्लंड का!"

भार्गवसाहेब पांढरे पडले. बँकेची एक शाखा लंडनला होती आणि तिथला मॅनेजर त्यांचा साडू होता. "उसको भी नहीं छोड़ा आप लोगों ने?" ते एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायले.

त्या दिवशी उमाकांतराव हादरून घरी आले. हे वरपर्यंत गेलं तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागायची! त्यांनी इंटरनेटची वायर काढून ठेवली. संकेतचा फोन आला की आजूबाजूला बघत कुजबुजत.

"बाबा, टीममध्ये काय बदल करताय?"

"काही नाही. जेवलास का?"

"हो."

पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं. रत्नप्रभाबाई दारात उभ्या राहून बघत आणि आत जात.

असे दोन-तीन आठवडे गेले आणि एका शनिवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. खांद्यावर बॅग घेतलेला संकेत उतरला.

"अरे! न कळवता? सगळं ठीक आहे ना?" उमाकांतराव घाबरून म्हणाले.

"तेच विचारायला आलोय. तुमचा स्वीडनचा पोरगा पाय मोडून घरी बसलाय आणि तुम्ही अजून त्याला टीममध्ये ठेवलंय! तुम्ही, बाबा! मला वाटलं नक्की तब्येत बिघडलीय आणि आई लपवतेय."

दिवाळीला रजा मिळत नाही म्हणणारा मुलगा स्वीडनच्या पोराचा पाय मोडला म्हणून जयपूरला आला होता. उमाकांतरावांनी त्याची बॅग काढून घेतली आणि डोळे लपवायला ती आत नेऊन ठेवली. मग वायर जोडली. संध्याकाळचे सामने सुरू होण्याआधी टीम दुरुस्त करायची होती. दोघांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

नेमके त्याच दुपारी बळवंतराव आणि माथुर आले. सोमवारी ऑर्डरी निघणार अशी बातमी होती. पाठोपाठ भार्गवसाहेबही "इधर से ही जा रहा था" म्हणत आले. रत्नप्रभाबाईंनी तिघांना कोचावर बसवलं आणि समोर त्यांचाच घेवर ठेवला.

"अंदर कौन है?" साहेबांनी विचारलं.

"बेटा आया है. बंगळुरू से. ज़रूरी काम चल रहा है," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

आतून आवाज येऊ लागले. माथुरांना आणि साहेबांना मराठी येत नव्हतं, तेव्हा बळवंतराव कुजबुजत भाषांतर करू लागले.

"त्या म्हाताऱ्याला किती दिवस ठेवणार बाबा? गुडघे गेलेत त्याचे!"

माथुरांनी दोन्ही हातांनी गुडघे झाकले.

"राहू दे रे. अनुभव आहे त्याला. एवढं वर्ष काढू दे."

माथुरांचे डोळे भरून आले.

"आणि डाव्या कोपऱ्यातला तो?"

"विकून टाक!"

बळवंतराव कोचाच्या डाव्या कोपऱ्यात बसले होते. भाषांतर अर्धवट सोडून ते उठले आणि उजवीकडे, माथुरांच्या जवळजवळ मांडीवर जाऊन बसले.

"मॅनेजर गेला का हो बाबा?"

"गेला! सकाळीच काढला!"

याचं भाषांतर करण्याची गरज पडली नाही. भार्गवसाहेबांच्या हातातला घेवर बशीत पडला.

दार उघडलं. उमाकांतराव पोराच्या खांद्यावर हात ठेवून हसत बाहेर आले आणि कोचावरचे ते तीन चेहरे पाहून थांबले. मुलगा घरी आलेला होता. आता त्यांना ना मानाची हाव होती ना चौकशीची भीती. एकदाचं खरं काय ते दाखवून टाकू, असं ठरवून त्यांनी तिघांनाही आत कॉम्प्युटरपुढे नेलं.

पडद्यावर हिरवं मैदान होतं. त्यावर रंगीबेरंगी बनियनं ओळीत मांडलेली, प्रत्येकाखाली कुणाला वाचता न येणारं एकेक परदेशी नाव. उमाकांतराव म्हणाले, "देखिए. यही है, बस. मेरे पास और कुछ नहीं है."

तिघांनीही वाकून पडद्याकडे पाहिलं. मग भार्गवसाहेबांनी समजून घेत मान हलवली.

"नाम बदल के रखा है. बहुत अच्छा किया," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी पडद्याजवळ बोट नेलं. "इसमें मैं कौन सा हूँ?"

उमाकांतरावांनी संकेतकडे पाहिलं. संकेतने छताकडे पाहिलं. साहेबांचं बोट अजून पडद्याजवळच होतं.

उमाकांतरावांनी ते बोट अलगद धरून गोलकीपरवर ठेवलं.

"ये. इसको कोई हिलाता नहीं, साहेब."

भार्गवसाहेबांनी डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात मागून बळवंतराव दोघांना ढकलत पुढे आले आणि पडद्याला नाक लावून म्हणाले, "आणि साहेब, यात कोल्हापूर कुठल्या अंगाला येतं?"