नानांचे सौम्य आणि उग्र पाहुणे

नवा माणूस भेटला की आपण त्याचं नाव-गाव विचारतो. आमचे शेजारी नाना डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत आणि याला कोणता मासा वाढावा, ते ठरवत.

तुम्ही परदेशात राहता, तिकडे मासा काटे-कातडं काढून खोक्यात येतो, म्हणून आधी थोडं समजावते. पापलेट आणि रावस हे सौम्य मासे. वास बेताचा, काटे कमी. बांगडा, तारली, सुका जवळा हे उग्र. चुलीवर चढले की गल्लीच्या टोकाला कळतं. मी लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा शेजारी भिवपुरीला वीज तयार होत होती, आमच्या घरात मात्र रॉकेलचे कंदील होते. समुद्र तर दूरच. यसू कोळीण पनवेलहून टोपली घेऊन चौक गावावरून मोटारीनं येई आणि पहिली हाक नानांच्या ओटीवर देई. नाना आत वळून विचारत, "आज पाहुणा कोण? सौम्य की उग्र?"

नाना खालापूरच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर माणसांचे अर्ज लावले, आता माणसंच लावत. मामलेदार जेवायला आले तर पापलेट, तेही लसणीशिवाय. "साहेबाच्या बोटांना वास राहिला तर अर्जावर उतरतो." वकिलाला भरपूर काट्यांचा मासा. "निदान जेवताना तरी तोंड बंद राहतं." मेव्हणा आला की झणझणीत जवळा. "घाम फुटला की आपण होऊन उठतो." एकदा एक शाकाहारी शिक्षक आले, तेव्हा नाना दिवसभर अस्वस्थ होते. त्या गृहस्थांना कुठल्या रकान्यात घालावं तेच त्यांना कळेना.

मी इंग्रजी शिकलेली सून, म्हणून माझा निकाल न बघताच लागला होता: पापलेट. बरेच महिने त्यांच्याकडून माझ्यासाठी पापलेटच येई. मग एका दिवाळीनंतर बांगड्याचं कालवण आलं. सासूबाई हसून म्हणाल्या, "पास झालीस गं. आता तू घरातली." कारण उग्र मासा दोघांनाच मिळे, जवळच्याला किंवा नकोशाला. कोण कुठल्या बाजूचं, ते नाना सांगत नसत. ज्याचं त्यानं ओळखायचं.

नानांची बायको वारलेली. इंदू नावाची एकच मुलगी, सतरा वर्षांची, अंगानं काटकुळी आणि बोलायला चुरचुरीत. तिच्यासाठी नानांच्या थोरल्या भावानं, अलिबागच्या दादांनी, पुण्याचं स्थळ आणलं. स्थळ बिजवर होतं. वय चाळिशीच्या पुढे, पहिल्या बायकोची मुलगी इंदूएवढी. दादांनी परस्पर शब्द देऊन टाकला आणि बघण्याचा दिवस ठरवला.

इंदू आमच्या परसात येऊन माझ्यापाशी बसली. "वहिनी, मला नाही जायचं त्या घरात."

"मग नानांना सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, दादांपुढे कसं बोलायचं? आणि विचारत बसले की त्या मंडळींना रावस बरा की पापलेट!"

मला संताप आला. मुलीचा जन्म पणाला लागलेला आणि बाप माशात अडकलेला.

बघण्याच्या दिवशी मी मदतीला गेले. खोबऱ्याचं वाटप तयार करून बसले होते. नाना ओटीवरून टोपलं घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवलं. वर तारली, खाली खारवलेले बांगडे.

"नाना, हे पाहुण्यांना?"

"यसूकडे दुसरं नव्हतं. लसूण तिप्पट घाला. आणि बांगडे निखाऱ्यावर भाजा, माजघरात."

"माजघरात?"

"तिथंच पाट मांडलेत ना?"

पाहुणे बसले तेव्हा माजघरात धूर होता. नवरदेवाच्या आईनं पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. नवरदेवांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. दादांचा चेहरा तर आमसुलासारखा झाला. आमच्या मंडळींत होणाऱ्या व्याह्याच्या ताटात तारली वाढणं म्हणजे त्याला ओटीखाली बसवण्यासारखं.

"आमच्याकडे हे गड्यांना घालतात," नवरदेवाची आई म्हणाली.

"हो का? भाग्यवान गडी," नाना म्हणाले. "वाढा हो वहिनी, त्यांना अजून एक बांगडा."

पान अर्धं टाकून मंडळी उठली. बाईंनी दादांना दारातच सुनावलं, "जिथं पाहुण्याची ही किंमत, तिथली मुलगी आम्ही नेत नाही. तुमचा शब्द तुम्हाला परत." दादाही त्यांच्या मागोमाग स्टेशनवर गेले, भावाकडे न बघता.

गावात चार दिवस हाच विषय. नाना चिक्कू, नानांनी स्वस्तातल्या माशापायी मुलीचं स्थळ घालवलं. पाहुण्याला कोणता मासा वाढावा हे ज्या माणसाला सगळे विचारायला येत, त्याला आता कोणी विचारेना. मीही बोलले नाही त्यांच्याशी.

मग यसू आमच्या दारात टोपली उतरवताना फणकारली, "माझ्या नावावर का खापर? मी ताटाएवढी पापलेटं आनली हुती. ही नको, उग्र काय हाय ते काढ, म्हनले. मी म्हटलं, नाना, पाव्हन्याला तारली देतात व्हय? तर बोलले, गप ऱ्हा."

मी तशीच नानांच्या ओटीवर गेले. ते एकटेच बसले होते. आत इंदू भांडी घासत कुठलंसं गाणं म्हणत होती.

"नाना, सरळ 'नाही' का म्हणाला नाहीत?"

ते बोटांची नखं बघत म्हणाले, "दादापुढे मी कधी 'नाही' म्हटलेलंच नाही. जे म्हणायचं ते हिची आई म्हणायची. मी तिच्या मागे उभा राहायचो."

आतलं गाणं थांबलं तसा त्यांनी आवाज उतरवला.

"इंदूला सांगू नका. बाप चिक्कू आहे असं तिला वाटलं तर चालेल. भित्रा आहे, हे नको कळायला."