वारजे मुक्कामी दोनाचा घात जाहला त्याची हकीकत

स्वस्ति. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, आश्विन मास, मंगळवार. वारजे मुक्कामी वजनकाट्यांच्या कारखान्यात जे वर्तमान घडले, ते कोणाची भीड न धरिता लिहितो.

सदाशिव पेठेतील मिठाईवाले राजमान्य राजेश्री आप्पासाहेब नवा काटा पारखावयास जातीने येणार, आणि काट्याचा प्रोग्राम चैतालीबाईंनी सी भाषेत रचिलेला, आणि बाईंच्या सहा महिन्यांच्या उमेदवारीचा तोच शेवटचा दिवस. काटा फसला तर नोकरी गेली, ऐसा मालकांचा हुकूम. मग आप्पासाहेब दाखल जाहले आणि त्यांनी स्वहस्ते किलोभर पेढे ठेविले, आणि काट्याने एकशे पंचवीस ग्रॅम दाखविले. किलोचे अदपाव! बाईंचा चेहरा उतरला. आप्पासाहेबांचे फर्मान सुटले की, मापात पाप करावयास आम्ही स्वतः समर्थ आहो, यंत्र कशास? आणि चहा होईतो मोहलत दिली.

मग वडीलधाऱ्या प्रोग्रामर नंदाताई कुमकेस धावल्या. तारा तपासिल्या, त्या बिनचूक. किलोभर वजनास सेन्सरने १२५.० हा दशांशाचा आकडा पाठवावा आणि त्यास दोनाच्या तिसऱ्या घाताने, म्हणजे आठाने, गुणून हजार करावे, हा बेतही चोख. मग ताईंचे बोट 2 ^ 3 या जागी थबकले.

"हे काय म्हणून वाचतेस गं?"

"दोनाचा तिसरा घात. एक्सेलमध्ये असंच लिहितो ना, ताई."

"सीमध्ये तो घात नाही."

"मग काय आहे?"

"घातच आहे. पण आपला."

तहकीक केली तो कळले की, सी भाषेत ही ^ खुणेची टोपी घात करीत नाही, दोन आकड्यांचे बिट, म्हणजे आतले शून्य-एक, परस्परांशी झुंजविते. सारखे ते पडतात, वेगळे ते उरतात. दोन म्हणजे 10 आणि तीन म्हणजे 11, ते झुंजले आणि एक उरला, आणि एकाने गुणून सव्वाशेचे सव्वाशेच राहिले. टोपीने बाईंस टोपी घातली ती ऐसी. मग math.h या गणिताच्या गोटातून ldexp नामे जुना सरदार बोलाविला, ज्याचे कामच आकड्यास दोनाच्या घाताने गुणणे. त्याच्या हाती १२५.० आणि ३ दिले.

चहा खाली ठेवून आप्पासाहेबांनी पुन्हा पेढे चढविले. हजार ग्रॅम! आप्पासाहेब वदले, "ठीक आहे." पेठेत याहून मोठा किताब नाही. चैतालीबाईंची नोकरी कायम जाहली आणि बाई भर कचेरीत रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी त्या ओळीच्या माथी टीप लिहिली, ती अद्याप तेथे आहे: येथे घात झाला होता. आता घात बरोबर आहे.