देवऱ्यांचे बसस्थानक

आमच्या सोसायटीत रोज सकाळी साडेआठला घोषणा होते. "प्रवाशांनी नोंद घ्यावी. लासलगावहून येणारी छोटी पिवळी, पंखांना काळी किनार, फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." फलाट तीन म्हणजे टाकळ्याची झुडपे आणि पिवळी म्हणजे फुलपाखरू. घोषणा करणारे देवरे तळमजल्यावर राहतात. ते एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. नातवंडांनो, तुम्ही दोन वर्षांत आला नाहीत, म्हणून या माणसाविषयी सविस्तर सांगते.

इमारतीमागच्या मोकळ्या जागेचे त्यांनी बसस्थानक केले आहे. लिंबू एक, कढीपत्ता दोन, टाकळा तीन, रुई चार. पानफुटीच्या कुंडीला 'विनंती थांबा' अशी पाटी. ज्या झाडाची पाने अळ्या खातात, त्याच झाडावर फुलपाखरू अंडी घालायला उतरते, हे त्यांनी मला तीनदा समजावले. त्यांच्या मते आपले नाशिक हे जंक्शन आहे. पश्चिमेला सुरगाणा, घोटी. तिकडे डोंगर, पाऊस, दाट झाडी, म्हणून तिकडच्या गाड्या मोठ्या आणि गडद. पूर्वेला ऊन आणि माळरान; तिकडून येतात त्या लहान आणि फिक्या. "दोन्ही हवांच्या गाड्या एका डेपोत, ताई. पुण्याला विचारा, आहे का असं?"

अलीकडे त्यांचे वेळापत्रक कोलमडले आहे. अवकाळी पाऊस झाला की गाड्या भलत्याच महिन्यात सुटतात, ऊन वाढले की रद्द होतात. प्रवाशांसाठी तक्रार वही आहे. फलाट दोनवरच्या अळ्यांनी आमटीपुरताही कढीपत्ता ठेवला नाही, असे मी तीत एकदा लिहिले. खाली लाल शाईत शेरा आला: 'चालक-वाहकांच्या भोजनाची सोय स्थानकावरच असते. तक्रार निकाली.'

मला नीटनेटकेपणा आवडतो. त्या रानात पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करावे, हा ठराव मीच मांडला. सेक्रेटरींना तो फारच पटला. ते म्हणाले, "देवरे काका, तुमच्या गाड्या झाडावर लागतात. आमच्या उन्हात तापतात." देवऱ्यांनी स्थानक कायम ठेवण्याचा अर्ज केला. त्यावर एकच सही होती, त्यांची. माझ्या ठरावाची मंजुरी नक्की होती. तरी सभेच्या आदल्या दिवशी त्यांची समजूत घालावी म्हणून मी खाली गेले.

मे महिना. देवरे मागे खुर्ची टाकून बसले होते. दार सुमनताईंनी, त्यांच्या पत्नीने, भिंतीला हात लावत येऊन उघडले. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, हे मला ठाऊक होते, जिन्यात ऐकून जेवढे ठाऊक असते तेवढे. त्यांच्याजवळ मी कधी बसले नव्हते. त्यांची खुर्ची मागच्या खिडकीशी होती. त्यांनी मला तिथेच शेजारी बसवले.

इतक्यात बाहेरून आवाज आला. घोटीहून येणारी निळी, जराशी उशिराने, काळ्या मखमली पंखांवर निळे पट्टे, डावा पंख किंचित फाटलेला, फलाट एकवर लागत होती.

मी खिडकीतून पाहिले. लिंबावर काहीही नव्हते. पान हलत नव्हते. देवरे रिकाम्या झाडाकडे तोंड करून बोलत होते.

सुमनताई हसल्या. "मेमध्ये कुठली निळी? तिकडे पाऊस लागल्याशिवाय ती निघत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "खरी आली की ते उठतात, खुर्ची वाजते. चार दिवस एकही आलेली नाही. पण तुम्ही बोलू नका हं, ताई. मला कळतं हे त्यांना कळलं, तर ते गप्प बसतील."

"मिळाली का गाडी?" देवऱ्यांनी बाहेरून विचारले.

"मिळाली," त्यांनी खिडकीतून उत्तर दिले. "पंख कशानं फाटला हो?"

मग वाटेतला वारा, बोरीचा काटा, असे बरेच काही ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी मी ठराव मागे घेतला. सेक्रेटरींनी भर सभेत कारण विचारले. मी सांगितले नाही. देवरे पहिल्याच रांगेत बसले होते.