वत्सलाकाकूंना बोलणारा हिरो हवा

पडद्यावर हिरो-हिरॉइनचे चेहरे जवळ आले की आमच्या वत्सलाकाकू खुर्चीतून उठतात. लाजून नव्हे, वैतागून. अंधारात लोकांचे पाय तुडवत दारापर्यंत जातात, तशाच परत येतात आणि अख्ख्या थेटराला ऐकू जाईल अशा कुजबुजीत मला विचारतात, "झालं का ह्यांचं? आता म्होरं बोलणार काय ही दोघं?"

तीच दोघं पायरीवर बसून शेंगा फोडत वायफळ बडबडू लागली, की काकू खूश. "ह्येला म्हणायचं जोडा!"

काकू शिवाजी पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. तरुणपणी तालमीच्या दारात त्यांना काका दिसले. मातीनं माखलेले, रुंद छातीचे. "रूप बघून खुळी झालो की मी! तोंड उघडतंय का, ते बघायचंच राहिलं."

काका आजही देखणे आहेत आणि आजही गप्प. 'व्हय', 'न्हाय' आणि 'वाढ' एवढ्यावर त्यांनी संसार रेटला.

परवा काकूंचं डोकंच फिरलं. "मी चाललो कागलला, थोरल्या बहिणीकडं. कायमची! तिथं बोलायला माणूस तर हाय." पिशवी भरूनसुद्धा झाली. मला काही सुचेना, म्हणून मी दोघांनाही सिनेमाला ओढून नेलं.

सिनेमातल्या पोरीपुढे दोघे होते. एक नुसता बघत राहावा असा, दुसरा तिला हसवणारा. शेवटी तिनं हसवणाऱ्याचा हात धरला. मला वाटलं, काकू टाळ्या पिटतील. त्या तर भडकल्याच.

"आणि त्या देखण्याचं काय? बोलता येत न्हाय म्हणून टाकून जायचं? भूक लागलीया, हे तरी त्यो कुणाला सांगणार?"

बाहेर येऊनही त्यांना चैन पडेना. रिक्षा थांबवली, नको म्हणाल्या, पुन्हा हात केला. मागून येणारे काका एकदम म्हणाले, "कागलला मला बी न्हे की."

"तिथं येऊन काय बोलणार हाय तुमी?"

"तू बोल. मी ऐकतो. सकाळी चुलीपाशी एकटीच बडबडत हुतीस, बहिणीचा गुडघा धरलाय म्हणून. ऐकलं की मी."

काकू थबकल्या. संशयानं त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "कुठला गुडघा?"

"डावा."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि भर रस्त्यात, रिक्षावाल्यादेखत, रडू लागल्या.