शिडावरून वल्ह्यावर

ज्या दिवशी शीड विकले गेले, त्या दिवशी चष्मेवाल्यांच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. दोन अनोळखी तरुणांनी ते मागच्या खोलीतून उचलले, जिन्याच्या वळणावर डोलकाठी भिंतीला ठोकली आणि निघून गेले. चष्मेवाले खिडकीशी उभे राहून बघत होते. भिंतीचा चांगला तळहाताएवढा पोपडा पडला तरी बायको एक अक्षर बोलली नाही, यावरून प्रसंगाचे गांभीर्य वाचकांच्या लक्षात यावे.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. आठवडाभर ते अंधाऱ्या खोलीत लोकांना भिंतीवरची अक्षरे वाचायला लावत आणि 'आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?' असे विचारत. रविवारी मात्र ते गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यावर जात आणि शिडाच्या फळीवर उभे राहून वाऱ्याशी झुंजत. याला विंडसर्फिंग म्हणतात. दुकानात ज्यांचा आवाज समोरच्या गिऱ्हाइकापलीकडे जात नसे, ते चष्मेवाले तळ्यावर आरोळ्या ठोकत. तरुणपणापासून हे चालले होते.

मग खांदा निखळला. बसवला, तर पुन्हा निखळला. दर वेळी बचावबोटीवरचा शिट्टीवाला त्यांना आडवे घालून काठावर आणी आणि बायकोच्या पायाशी उतरवून ठेवी. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी हात टेकले. "शीड ओढणं बंद," ते म्हणाले. "पाणी सोडवतच नसेल तर ती उभ्यानं वल्हवायची फळी घ्या. पॅडलबोर्ड. बायकामुलंसुद्धा करतात."

हे शेवटचे वाक्य डॉक्टरांनी धीर द्यायला म्हटले होते. चष्मेवाल्यांना ते फार लागले. पॅडलबोर्डवाल्यांना ते आजवर 'झाडूवाले' म्हणत आले होते, कारण लांब दांड्याचे वल्हे घेऊन ही मंडळी तळे झाडत असल्यासारखी दिसतात. त्यांच्यातल्या कोणी नमस्कार केला तर चष्मेवाले आकाशाकडे बघून वाऱ्याचा अंदाज घेत. आता त्याच पंगतीत जाऊन बसायचे होते. पण तळे अजिबातच सोडायचे, हे त्याहून जिवावर येत होते. त्यांनी मुकाट्याने फळी आणली, वल्हे आणले आणि दोन्हीकडे पाठ करून जेवायला बसले.

"एक अट आहे," बायको म्हणाली.

"बोल."

"या रविवारी तुम्ही जायचं. स्वतःच्या वल्ह्यानं जाऊन स्वतःच्या वल्ह्यानं परत आलात, तर फळी राहील. कुणी आणून सोडलं, तर पाणी बंद. कायमचं."

"अगं, पण..."

"पणबिण काही नाही. मी काठावर जीव मुठीत धरून बसायचं आणि लोकांनी तुम्हाला पोत्यासारखं आणून टाकायचं, हे आता मला सोसत नाही हो."

बोलताना तिचा आवाज जरा कापला. चष्मेवाल्यांनी मान हलवली. तळे गेले तर आपल्याजवळ दुकानातल्या खुर्चीखेरीज काय उरेल, हा विचार त्यांच्या मनातून जाईना.

रविवारी ते काठावर पोहोचले तेव्हा तिथल्या क्लबाचे निशाण वाऱ्याने फडफडत होते. झाडूवाल्यांनी आपापल्या फळ्या आवरायला घेतल्या होत्या. चष्मेवाल्यांना त्यांची कीव आली. वारा सुटला की तळ्यावर उतरायचे आणि वारा पडला की घरी जायचे, हे त्यांच्या हाडीमांसी खिळले होते. इतक्या सुंदर वाऱ्यात ही माणसे घरी का चालली आहेत, हे त्यांनी कोणाला विचारले नाही. विचारायला हवे होते, पण झाडूवाल्याला प्रश्न विचारायचा म्हणजे काय!

"दोरी लावलीत का चष्म्याला?" बायकोने विचारले.

ही मानेमागची दोरी चष्मेवाले स्वतःच विकत. शिडावर असताना ती लावल्याशिवाय ते कधी पाण्यात उतरले नव्हते. "यावरून कोण पडतंय?" ते म्हणाले आणि पाण्यात गेले.

सुरुवात फार थाटाची झाली. वारा पाठीमागून होता. फळी नुसती पळत होती. वकील, म्हणजे चष्मेवाल्यांचे शिडावरचे जुने सोबती, आपली फळी जुळवता जुळवता ओरडले, "काय रे, झाडू चांगला चालतोय की!" चष्मेवाल्यांनी मागे वळून हात केला, आणि तेवढ्यात झुळूक आली.

आता शिडावर झुळूक आली की माणसाने मागे कलायचे असते. शिडाच्या आडव्या दांडीला लोंबकळून आपले सगळे वजन मागे टाकायचे, मग वारा आणि माणूस एकमेकांना तोलून धरतात. चष्मेवाल्यांनी सवयीने वजन मागे टाकले. धरायला दांडी नव्हती. ते अत्यंत सफाईने, जुन्या अनुभवाला शोभेल अशा पद्धतीने, पाठीवर पाण्यात पडले. वर आले तेव्हा वल्हे होते, फळी होती, चष्मा नव्हता.

चष्म्याशिवाय चष्मेवाल्यांना स्वतःच्या दुकानाची पाटी वाचता येत नसे. ते फळीवर चढले, उभे राहिले आणि तळ्याकडे पाहिले. सगळीकडे करडा रंग होता. खालचा करडा हलत होता, म्हणजे ते पाणी असावे. त्यांनी वारा गालावर घेतला, त्यावरून क्लबाची दिशा ठरवली आणि वल्हे मारायला सुरुवात केली. दिशा बरोबर होती. फळी मात्र तोंड क्लबाकडे ठेवून उलट्या बाजूला चालली होती. शीड विकून टाकले तरी उभा माणूस हेच एक शीड असते, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. ती कुठल्याही झाडूवाल्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच झाडूवाले अशा वेळी खाली बसतात.

थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज आला.

"काका, ठीक ना सगळं?" शिट्टीवाल्याने विचारले.

"एकदम ठीक!"

"फार लांब चाललाय. दोरी टाकू?"

"टाकून तर बघ!" चष्मेवाले असे काही कडाडले की शिट्टीवाल्याने बोट जरा मागे घेतली. "मी मजेत आहे."

"चष्मा कुठंय, काका?"

"खाली ठेवलाय," चष्मेवाले म्हणाले. हे अक्षरशः खरे होते.

शिट्टीवाला परत गेला आणि काठावर त्याने सांगितले, काका मजेत आहेत. मग वकिलांच्या शिडाची दोरी तुटली आणि बोट तळ्याच्या भलत्याच टोकाला गेली.

इकडे चष्मेवाल्यांना शेजारी एक उंच, काटकुळा माणूस दिसला. "अहो, क्लब दिसतोय का तुम्हाला?" त्यांनी अदबीने विचारले. माणूस गप्प. "निदान किती लांब आहे ते तरी सांगा." माणूस हूं की चूं करीना. लोकांना साधी माणुसकी राहिलेली नाही, असे म्हणून चष्मेवाले पुढे सरकले, म्हणजे मागे सरकले. तो माणूस नव्हता. तो 'खोल पाणी' अशी पाटी लावलेला खांब होता.

खांदा आता ठणकायला लागला. हात भरून आले. आणि वल्हे मारता मारता या भल्या माणसाला खरोखरच भीती वाटू लागली. तेवढ्यात करड्यातून एक पिवळा ठिपका पुढे आला. तो मोठा झाला. फळीवर गुडघे टेकून बसलेले, पिवळे जाकीट घातलेले कोणीतरी होते. बचावपथकातला नवा माणूस, हे चष्मेवाल्यांनी ताडले.

"थांबा!" ते ओरडले. "जवळ येऊ नका. मला वाचवू नका!"

पिवळे थांबले.

"तुम्ही नवे दिसताय, म्हणून सांगतो. काठावर माझी बायको आहे. कुणी आणून सोडलं तर पाणी बंद, असं तिनं बजावलंय. आणि ती बोलते ते करते हो."

वारा सूं सूं करीत होता.

"खरं सांगू का? मला परत जाता येत नाहीये. मघापासून मारतोय वल्हं, हातभर पुढं गेलो असेन तर शपथ. भीती वाटतेय. बुडण्याची नाही, जाकीट आहे अंगात. पण हे तळं सुटलं ना, की मी त्या दुकानातल्या खुर्चीत बसून म्हातारा होणार. आत्ता मला काही म्हणजे काही दिसत नाहीये, पण तेवढं अगदी स्वच्छ दिसतंय." त्यांनी नाक पुसले. "तुम्ही जा. तिला सांगा, मजेत आहेत. आणि मी रडलो ते सांगू नका."

"आधी खाली बसा," पिवळे म्हणाले.

हा आवाज चष्मेवाले झोपेतही ओळखत. ते बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच बसले, आणि बसताक्षणी फळी शांत झाली.

"तू? तू कशी आलीस?"

"गुडघ्यांवर. चष्म्याशिवाय उभे दिसलात मला क्लबाच्या दुर्बिणीतून. घरात तुम्हाला चष्म्याशिवाय टॉवेल सापडत नाही, इथं काठ काय सापडणार?"

"अगं, पण वल्हवायला कुणी शिकवलं?"

"फळ्या भाड्यानं देते ना ती, तिनं. गुडघ्यांवर बसा आणि पाण्याकडे बघू नका म्हणाली."

"आणि?"

"आणि काय? बसले. आपोआप आले की."

"ते आपोआप यायचंच. वारा तिकडूनच आहे," चष्मेवाले म्हणाले. "परत कसं जायचं, ते विचारलंस?"

बायकोने मागे वळून पाहिले. क्लब काडेपेटीएवढा दिसत होता. "तेवढ्यात ती गल्ला बंद करत होती," ती म्हणाली आणि वल्हे मारू लागली. फळीने एक गिरकी घेतली आणि ती पुन्हा आली तिकडेच बघू लागली. "अहो," ती म्हणाली, "ही वळत नाही. अहो, ही वळतच नाही!"

तिच्या आवाजातली भीती ऐकली आणि चष्मेवाल्यांची स्वतःची भीती कुठल्या कुठे गेली. आपल्यापायी ही इथे आली, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी चाचपत तिच्या फळीची कड धरली.

"घाबरू नकोस. हे बघ, उजव्या हाताला टेकडी आहे का?"

"आहे."

"तिच्या पायथ्याचं पाणी कसं दिसतंय?"

"काळं. गुळगुळीत."

"आणि मधलं?"

"पांढरं पांढरं फुटतंय."

शिडावरची माणसे टेकडीखालच्या त्या काळ्या पट्ट्याला 'मेलेलं पाणी' म्हणतात. टेकडीच्या आडोशाने तिथे वारा पोहोचत नाही. एकदा शीड तिथे शिरले की ओल्या धोतरासारखे लोंबते, आणि माणूस तासन् तास शिव्या घालीत अडकून पडतो. चष्मेवाले त्या पाण्यात अनेकदा अडकले होते. ते कुठे सुरू होते, कुठे वळते आणि क्लबाच्या किती जवळ संपते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. ज्याला आयुष्यभर चुकवले, तेच पाणी वल्हेवाल्याची हमरस्त्यासारखी वाट होती, हे त्यांना आत्ता उमगले.

"काळ्यात घाल," ते म्हणाले. "मी सांगतो कसं, तू सांग कुठं. वल्हं उभं धर. अगं, खालचा हात पुढं!"

"ओरडू नका."

"ओरडत नाही. आता बरं जमतंय, की मघाशी बरं होतं?"

"आता बरं आहे," बायको म्हणाली. जरा वेळाने ती म्हणाली, "किती शांत आहे हो इथं." आणि आणखी थोड्या वेळाने, चष्मेवाले कोणाला तरी 'अहो' म्हणाले तेव्हा, "तो खांब आहे. त्याच्याशी बोलू नका."

दोघे क्लबाशी पोहोचले तेव्हा काठावर चांगलीच गर्दी जमली होती. वकील होते, शिट्टीवाला होता, झाडूवाले पूर्ण संख्येने होते. कोणी हसले नाही. अट सगळ्यांच्या कानावर गेली होती.

"काका," शिट्टीवाल्याने हळूच विचारले, "काकूंनी तुम्हाला आणलं, की तुम्ही काकूंना?"

खरे तर चष्मेवाल्यांना सुटायला जागा होती. वल्हे त्यांचे होते, वाट त्यांची होती. त्यांनी पिवळ्या रंगाकडे पाहिले. मग ते म्हणाले, "हिनं आणलं मला. ही आली नसती तर मी अजून तिथंच उभा असतो." असे बोलून त्यांनी आपले तळे आपल्या हाताने सोडून दिले.

"काही ऐकू नका यांचं," बायको म्हणाली. "माझी फळी वळत नव्हती. यांनी मला आणलं."

"अगं, मला दिसत नव्हतं!"

"आणि मला कळत नव्हतं!"

"दोघांची साक्ष जुळत नाही," वकील म्हणाले. "घरी जा, पाय सुकवा."

परतताना गाडी बायकोने चालवायला घेतली, कारण चष्मेवाल्यांना गाडीच धड दिसत नव्हती. फळी टपावर तिनेच बांधली. ती आत येऊन बसली.

"मग," चष्मेवाल्यांनी विचारले, "पाणी बंद ना?"

"कुणाचं?"

"माझं. ठरलं होतं तसं."

बायकोने ओले केस मागे घेतले. "अट घातली तेव्हा मी काठावर होते," ती म्हणाली. "काठावरून तसंच दिसतं." मग मान बाहेर काढून तिने टपाकडे पाहिले. "अहो, याच्यावर दोन फळ्या बसतील का?"

चष्मेवाल्यांना एकदम भरून आले. आणि पाठोपाठ, रविवारी यापुढे तळ्यावरही एकटे सुटता येणार नाही, हे ध्यानात आले. ते सावरून बसले.

"बसतील," ते म्हणाले. "पण पुढं मी असेन."

"पुढं कोण ते पाण्यात ठरवू," बायको म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.