हनुमानचा बिबट्या आणि पहिली वेचणी

हनुमानने आपलाच व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि खाटेवरून टुणकन उडी मारली. कापसाच्या ओळींतून पिवळं काहीतरी सरकतंय, मोबाईल हलतोय, मध्येच कॅमेऱ्यावर बोट येतंय, आणि मागे कुणाची तरी भ्यालेली धाप! ते पिवळं म्हणजे त्याचा दोस्त सटवा. अंगावर चादर, चादरीवर केसांच्या कलपाचे ठिपके. पण हे ओळखायची कुणाची टाप होती! संध्याकाळपर्यंत अख्ख्या तलवाड्यात तोच व्हिडिओ फिरला. हनुमानला आकाश ठेंगणं झालं.

सकाळी वेचणीच्या बायकांची म्होरकी केशरबाई दारात उभी. "तुळजाबाई, तुमच्या रानात बिबट्या हाय. आमी न्हाई येत."

बोंडं फुटून कापूस लोंबत होता आणि आभाळ भरून येत होतं. एक सर पडली की वर्षाची मेहनत मातीत. तुळजाबाईने लेकाकडे असं पाहिलं की त्याला घाम फुटला. चादर तिचीच होती.

"काकू, तो सटवा हाय, आईशप्पथ!" हनुमान म्हणाला.

"कापूस जाईल म्हणून खोटं कशाला बोलतो रे?"

मग हनुमानने पुराव्याचा व्हिडिओ काढला. लख्ख उजेड, मोबाईल स्थिर, चादरीतून सटवा बाहेर येऊन हसतोय. केशरबाईने डोळे बारीक केले. "ह्यात सटव्याच्या चपला दिसायल्यात. त्यात कुठं व्हत्या? हे बनवलेलं हाय."

हनुमान पेटलाच. सटव्याला पुन्हा चादरीत कोंबलं, स्वतः मोबाईल घेऊन बाभळीआड दबा धरला. बिबट्या ओढा ओलांडून पलीकडच्या माळावर पसार! "गेला! गेला बे!" एवढंच ओरडून त्याने मोबाईल मुद्दाम खाली पाडला. इतकं झकास काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. व्हिडिओ गावभर फिरला आणि तासाभरात बायका कापूस भरायला कमरेला ओट्या बांधून बांधावर हजर झाल्या. हनुमानच्या पोटात आनंद मावेना.

"मालकिणीला बोलव," केशरबाई म्हणाली. पहिली वेचणी होती. घरच्या बाईने रानात दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी बोंडाला हात लावत नाही.

हनुमान धावत घरी आला, तर दाराला आतून कडी.

"माय, चल की! समद्या थांबल्यात."

"म्या न्हाई येत. बिबट्या हाय."

"अगं, चादर तुझी! सटवा हाय तो!"

"पहिला सटवा व्हता, मला ठाव हाय. हा दुसरा खरा हाय. चाल बघ की त्याची!"

हसावं की रडावं, हनुमानला कळेना. छाती मात्र फुगलीच. तेवढ्यात आभाळ गडगडलं. खिडकीतून दहीभाताची वाटी बाहेर आली.

ती घेऊन तो बांधावर पोचला, तर केशरबाई अडून बसली. "गडी माणसाच्या हातचा निवद चालत न्हाई."

हनुमान तसाच पळत माघारी. खिडकीतून आता तुळजाबाईचं हिरवं लुगडं आलं.

"घरचंच हाय न्हवं?" बांधावर केशरबाईने लुगडं चाचपून पाहिलं. "नेस मंग."

आभाळाकडे बघत हनुमान नेसला, पदर घेतला, दहीभात ठेवून वाकला. बायका भराभरा कापसात शिरल्या. केशरबाईची सून धनश्री तेवढी मोबाईल धरून बांधावर थांबली.

पावसाआधी कापूस घरी आला. तोवर गेवराईपर्यंतची माणसं बिबट्या विसरून लुगड्यातला हनुमान बघत होती. पोती आत घ्यायला तुळजाबाईने कडी काढली. कुणीतरी तिच्यापुढे मोबाईल धरला. तिने लेकाला नीट न्याहाळलं.

"बरं नेसतोस की रे," ती म्हणाली. "उद्या खालच्या रानाची पहिली वेचणी हाय. तूच जा."